शेवळाची भाजी

खालापूरच्या तहसील कचेरीतली दाखल्याची रांग हलेना, तसे भिवाजीचे कान पुढच्या मायलेकींकडं लागले. लेक नुकतीच एमएस्सीला कोल्हापूरला गेलेली.

"आये, पयल्याच आठवड्यात सगळ्या हॉस्टेलला आपल्या रानातल्या शेवळाची भाजी खाऊ घातली मी."

"खाज मारायला काकडाची फळं घातलीस ना गं?"

"नाय."

"अगं बये! घसे खाजले असतील पोरींचे."

"पोरींचे नि आमच्या बाईंचाबी."

"आन् तू तिथं शिकतेस काय?"

"वनस्पतीशास्त्र. शेवळाचं लॅटिन नाव सांगून वाढत होते ना मी! काकडं तेवढी इसरले."

"मग हाकलली का तुला?"

"नाय. बाई म्हनल्या, पुढच्या तासाला आईला घेऊन ये, शिकवायला."

"येईन की. पर तू पयल्या बाकावर बसायचंस."