आईसाठी थांबलेला सूर्य

हसू नका, पण आमच्या आईनं लंडनच्या विमानात चार वेळा जेवण केलंय, ते बी आपला नेम न मोडता.

आम्ही बोरगावचे जैन. सूर्य बुडाला की आईच्या तोंडात घास जात न्हाय, आज चाळीस वर्षं झाली. बहिणीकडं निघालो तेव्हा बंगळूरहून दुपारी विमान सुटलं. पाच वाजताच आईनं घरच्या दशम्या काढल्या. म्हणाली, "दिस हाय तवर उरकतो."

उरकलं. माझ्या घड्याळात सात वाजले, तरी खिडकीत लख्ख ऊन! उन्हाळ्याचे दिवस, त्यात विमान पश्चिमेला पळालेलं, सूर्य मावळणार कसा? आई म्हणाली, "अजून हाय की रं! काढ डबा." आठ वाजता पुन्हा तेच. नऊला विमानातली बाई आली. लोकांना झोपायचंय, खिडकी झाका म्हणाली. मी आईला सांगितलं.

"झाकली तर मला सूर्य दिसणार कसा? थांब म्हणावं तिला, एवढं जेवून घेतो!"

दोन महिन्यांनी परत निघालो. विमान उशिरा सुटलं, आणि जेवणाची गाडी आमच्यापर्यंत यायच्या आत बाहेर काळोख. लेकीकडं राहून कंटाळलेली आई उपाशीच हात जोडून बसली. मला लई वाईट वाटलं.

"असू दे रं," ती म्हणाली. "जाताना थांबलाच की माझ्यासाठी. आज त्याला बी माझ्यासारखी घरची घाई झालीया."