कुंकवाने अडलेलं मशीन

तुम्हाला आज स्क्रीनवर बिघाड वाचायला मिळतो. आमच्या वेळी कंट्रोलरवर एक लाल दिवा लागायचा, बास. सत्तर सालानंतर नगरच्या कारखान्यात आमचं मशीन भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर चालायचं. पट्टी एका काचेवरून सरकायची, वरून उजेड पडायचा आणि भोकांतून काचेखाली उतरलेल्या उजेडावरून मशीन ती भोकं वाचायचं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते पहिल्याच ओळीला अडलं. दुरुस्ती माझ्याकडे होती. दोन दिवस मी आतली सर्किटची कार्डं काढली, घातली. पट्टी खिडकीशी धरून एकेक भोक स्वतः वाचलं. पट्टीत चूक नव्हती. मॅनेजर म्हणाले, "उद्या मुंबईहून माणूस बोलावतो. मग तुम्हाला कशाला ठेवलंय ते बघू."

संध्याकाळी ऑपरेटर रंगनाथमामा हळूच जवळ आले. काष्टी गावचा साधा माणूस.

"साहेब, माझं पूजेत काय चुकलं आसंल का?"

"काय केलं होतं?"

"हार घातला, टिळा लावला."

"कुठं?"

मामांनी त्या काचेवर बोट ठेवलं. कुंकू सुकून घट्ट बसलं होतं. मी आतलं सगळं उघडलं होतं, काचेकडे पाहिलंच नव्हतं.

"मामा, एवढं मोठं मशीन सोडून इथंच?"

"दसऱ्याला पाटी-पुस्तक पुजतो न्हाई का आपण? ही बया वाचती ती हितनंच."

स्पिरिटच्या बोळ्याने काच पुसली आणि मशीन चालू झालं.

पुढच्या दसऱ्याला मामा कुंकवाची वाटी घेऊन मशीन ओलांडून थेट माझ्यासमोर उभे राहिले.

"मला कशाला, मामा?"

"ती अडली तवा दोन दिवस तुमीच वाचत हुता की."