सरकी

धर्मपाल : आवाज अजून वाढव.

राजदीप : (मोठ्यानं) फुल आहे, बाबा. कान दुखतील.

धर्मपाल : चाळीस वर्सं कापसाच्या जिनिंगमदे मशिनीपाशी काढले, आता काय दुखतात कान! पन गानं कवा सुरू होते रे?

राजदीप : हेच आहे ते. यात शब्द नसतात, पेटी-तबला नसतो. नुसता आवाज पसरत जातो. पुण्यात लोक डोळे मिटून ऐकतात.

धर्मपाल : (हेडफोन एका कानावरून सरकवून) अरे, हे तं आमचं तीन नंबरचं मशीन हाय!

राजदीप : हो. दिवाळीत आलो तेव्हा तुमच्या जिनिंगमध्ये रेकॉर्ड केलं. मग कंप्युटरवर ताणून संथ केलं. अल्बमचं नावच 'सरकी' ठेवलं.

धर्मपाल : पट्टा ढिल्ला होता त्या दिवशी. समजून राह्यलं.

राजदीप : बाकीचं मग ऐका. आई गेली त्याचं उद्या पुण्यानुमोदन, वंदनेच्या वेळेसाठी भंतेजींचा दोनदा फोन आला.

धर्मपाल : थांब. तुही माय येऊ दे.

राजदीप : आई?

धर्मपाल : मशिनीच्या बाजूलेच बसे ना कौसल्या, कापसातला कचरा येचत. कामावर बोलत नसे, पन खोकलली तं असन. बाया सांगत, लय खोकलते म्हनून. मले या मशिनीनं बहिरं केलं, घरातबी कधी आयकू नाई आलं. लाज वाटते रे मले. एकडाव आयकू दे.

राजदीप : बाबा…

धर्मपाल : किती मिनिटावर हाय?

राजदीप : नाही आहे. खोकला काढून टाकला.

धर्मपाल : कायले?

राजदीप : मधे मधे येत होता. आवाज सलग लागतो यात. एकेक ठिकाण शोधून कापलं मी.

धर्मपाल : पयलं रेकॉर्डिंग असन ना, न कापलेलं?

राजदीप : लॅपटॉपमध्ये जागा नव्हती. पुसलं. मले काय मालूम होतं बाबा, चार महिन्यांत माय अशी…

धर्मपाल : रडू नको. किती डाव खोकलली होती?

राजदीप : एकतीस.

धर्मपाल : दिवसभरात?

राजदीप : पाऊण तासात.

धर्मपाल : मले तं आयकूच नोयता येत, राजदीप. तुले आला होता.