घट्ट बसलेली खिडकी

पोस्टातल्या रांगेत निवृत्त मुख्याध्यापिकाबाई हातातला फॉर्म तिसऱ्यांदा वाचत होत्या. कान मात्र पुढच्या जोडप्याकडे होते. नवऱ्याच्या केसांत अजून लाकडाचा भुसा होता.

“चार रविवार लागले, पण जुनी खिडकी काढून नवी मी एकट्याने बसवली. सुतारसुद्धा तोंडात बोटं घालेल.”

“त्याच्या तोंडात बोटं, माझ्या कानात बोळे!”

“आता काय झालं?”

“शेजारचं एक अक्षर ऐकू येत नाही.”

“अगं, तेच तर कसब! मुंगीला शिरायला फट ठेवली नाही.”

“जुन्या खिडकीतून कसं स्वच्छ यायचं सगळं. काल शेजारीण नवऱ्यावर कडाडली, ‘कपाटात मला काय सापडलं, सांगू?’ आणि नेमके तेव्हाच तुम्ही बाहेरून पल्ले ओढून घेतलेत!”

“मग?”

“मग काय, कपाळ! काय सापडलं ते देवालाच ठाऊक.”

“देवाला आणि मला.”

“अं?”

“मी शिडीवर होतो ना, पुट्टी लावत. आपली खिडकी बंद झाली, त्यांची उघडीच होती.”

“अगंबाई! काय सापडलं हो?”

“बाई, पलीकडची खिडकी मोकळी झालीय, तिकडे या,” आतून कारकुनाने मुख्याध्यापिकाबाईंना हाक मारली.

“राहू द्या हो. मला मुळीच घाई नाही.”

“अहो, सांगा ना!” बायकोने नवऱ्याची बाही ओढली.

“इथे नको, लोक ऐकताहेत. घरी चल. आपली खिडकी आता घट्ट लागते.”