लाइट आली की

"लाइट आली वं, मोटर चालू करा!" लहानपणी ऐकलेली वडिलांची हाक विमलताईंना नेरच्या बसस्टँडवर एकदम आठवली. शेजारच्या बाकावर एक सासरा आणि सून लाइटचंच बोलत होते.

"मामाजी, गावात लाइट गेलती म्हणते. वाचनालयातला सर्व्हर बंद पडला असन. पोरायचे सारे धडे त्याच्यावरच हायेत. मी वापस येते."

"कायले, दीपमाला? तुयी माय दवाखान्यात वाट पाहून राह्यली. अन् तूच म्हणे ना, लाइट आली का सर्व्हर सुरू होते, अन् धड्याचा प्रोग्राम बी आपोआप चालू होते?"

"तसं बसवलं हाये मी. पण लाइट गेलीच नोती तवापासून."

"आपल्या मोटरीले आपोआप चालू कराचं आटोस्टार्टर लावलं, तवा मी बी असाच फुकट विहिरीवर राखण करत बसलो होतो. थांब, तुया सासूले इचारतो. हॅलो, प्रभावती, लाइट आली काय? वाचनालयात जाऊन पाय. पण काही दाबू नको!"

"दाबाचं असलं तर तुमचं नरडं दाबीन! इथंच उभी हाये मी. लाइट आली, अन् पोरं धडे पाहून राह्यले. कोणी हात बी नाही लावला." फोनमधला आवाज विमलताईंपर्यंत आला.

"झालं, मामाजी! तुमी दोघं हायेत म्हणून मी मायजवळ जाऊ शकते."

यवतमाळची बस लागली. सासऱ्यानं पिशवी वर दिली आणि तो खिडकीशी घुटमळला.

"अवं, टपरीवर, बाजारात, ज्याले त्याले सांगतो मी, का सर्व्हर माया सुनेनं बसवला. फक्त तुलेच नाही सांगितलं आजवर."