फिट्टंफाट होणार नाही

जमीलाभाभी, भावांनो, बायांनो, शिफ्ट संपवून चाकणहून थेट आकुर्डीच्या या हॉलमध्ये शब्बीरभाईंच्या शोकसभेला आलात. मला भाषण येत नाही. मी सुनंदा. कारखान्यात शब्बीरभाईंच्या शेजारच्या, पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करते. रडून झालंय माझं. आज राग आलाय, तोच सांगते.

शब्बीरभाई बी.एस्सी. झालेले. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून विश्व शिकवायचे. म्हणायचे, "सुनंदाताई, सुरुवातीला द्रव्य होतं, आणि जवळजवळ तेवढंच प्रतिद्रव्य. दोघं भेटले की दोघंही खलास. नुसता उजेड उरतो."

मी म्हटलं, "म्हंजी फिट्टंफाट!"

इतके हसले! म्हणाले, "पुरती फिट्टंफाट झाली असती तर आपण नसतो, ताई. अब्जामागं द्रव्याचा एक कण जास्त निघाला. त्या एकावर हे सगळं उभं हाय. का निघाला, ते अजून कुणालाच कळलं न्हाई."

आता प्रेसचं ऐका. प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच साचा खाली येतो. म्हणजे हात आत राहतच नाहीत. काम भराभर निघावं म्हणून शब्बीरभाईंच्या प्रेसचं डावं बटण कायमचं दाबून तारेनं बांधलं होतं. त्या दिवशी अडकलेला पत्रा काढायला ते आत वाकले, आणि कोपर उजव्या बटणाला लागलं.

बटण कुणी बांधलं? मागच्या रांगेत बसलेत ते. आपले सुपरवायझरसाहेब.

अपघाताच्या कागदावर काय आलं? 'कामगाराचा निष्काळजीपणा.' खाली लाइनवरच्या सगळ्यांच्या सह्या. पेन माझ्याही हातात होतं, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात साहेब म्हणाले, "बाई, माणूस काय परत येतोय का? सही करा, फिट्टंफाट करून टाका. कायमची फर्स्ट शिफ्ट देतो."

साहेब, दुसरा कुठलाही शब्द वापरला असतात तर मी सही केली असती. मी पेन खाली ठेवलं.

तार तुम्ही भंगारात टाकलीत. मी उचलली. आज सकाळी कारखाना निरीक्षकांच्या टेबलावर ठेवली आणि जबाब दिला. तुमचं नाव दोनदा वाचून घेतलं. नोकरी जाईल माझी? जाऊ दे. तुम्हाला मी सुखानं जगू देणार न्हाई. सगळ्या सह्या तुमच्याकडं गेल्या. माझी एक उरली.

भाभी, ती एक तुमची.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. दोन्ही हात पुढं धरा, प्रेसवर धरतो तसे.

साहेब, तुम्हीपण. दोन्ही हात. दिसू द्या सगळ्यांना.