धुतलेला शर्ट

नामांतराच्या मोर्च्यामुळं परभणीच्या स्टँडवर गाड्या खोळंबल्या होत्या. ताडकळसला निघालेल्या मनकर्णाबाईंच्या बाकावरच एक म्हातारी बसली होती. तिचा लेक महिन्याखाली काविळीनं गेला होता, अन् त्याची पेटी घेऊन त्याचा सोबती लांबून आला होता. ऐकू नये म्हटलं तरी त्यांचं बोलणं मनकर्णाबाईंच्या कानावर पडत होतं.

“आमचा रामलिंग कंपनीत करायचा तरी काय?”

“चिमणीच्या धुरातला कर्बवायू धरायचा, मावशी. अमाइन नावाची औषधं असतात. एक झटकन धरतं, पण सोडवायला खूप जाळ लागतो. दुसरं सावकाश धरतं, पण लवकर सोडतं. दोन्ही मिसळून किती धरतंय, किती सोडतंय, ते तो रोज मोजायचा.”

“त्या औषधाला वास असतो का?”

“असतो ना. मासळीसारखा. कपड्यात बसतो.”

“त्यो बी हेच सांगायचा. मला वाटलं, लिंगायताचं लेकरू मासे खायलंय अन् आईला फसवायलंय. त्याचं ताट बाहेर वसरीवर लावलं मी. जेवला गुमान. पुन्हा आलाच न्हाई.”

सोबत्यानं पेटी तिच्यापुढं सरकवली.

“पेटीत काय हाय?”

“वह्या, चष्मा, अन् कामावरचा शर्ट.”

म्हातारीनं शर्ट काढून नाकाशी धरला.

“ह्याला तर साबणाचा वास यायलाय.”

“तीनदा धुतला, मावशी. तुमच्या घरात न्यायचा म्हणून.”

“कशाला धुतलास रं, बाबा?”